भोपळ्याला पुढची सीट

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं मला कुणी विचारलं तर आईबापांच्या पाठोपाठ मी दौलतमामांचं नाव घेतो. आमच्या घराण्यात मी पहिला पदवीधर. ती पदवी मी सांगलीला, विश्रामबागेत, दौलतमामांच्या खोलीतल्या रिकाम्या खाटेवर झोपून मिळवली. हे सगळं खरं असलं तरी मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते एका लाल भोपळ्याला फेटा बांधत होते आणि त्याच्याशी बोलत होते.

"पावणं, जरा सरळ बसा. असं कलंडू नगा."

मी आणि माझे वडील गाड्यांच्या बॉड्या बांधणाऱ्या एका शेडच्या दारात उभे होतो. जुन्या लष्करी जीपगाड्या लिलावात घ्यायच्या, त्यांचा मागचा भाग कापायचा, माल भरायला हौदा बसवायचा, पुढं नवी केबिन चढवायची आणि नवीन पिकप म्हणून विकायची, असा त्या शेडचा धंदा. समोर अशीच एक ताजी रंगवलेली पिकप होती. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर भुसा भरलेलं पोतं, पोत्यावर भोपळा, भोपळ्यावर फेटा. मामा खाली उतरले, बाजूला झाले आणि ओरडले, "ढकला!"

चार गडी मागून रेटू लागले. गाडी उतारावरून सुटली आणि वाळूच्या पोत्यांच्या थप्पीवर जाऊन आदळली. मामा धावत गेले. गाडीचं नाक त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. आत डोकावून पाहिलं. भोपळा डॅशबोर्डच्या लोखंडी कडेवर आपटून उभा चिरला होता. मामांनी खिशातून खडू काढला आणि दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : नापास.

वडील माझ्या कानाशी लागले, "बिरू, हितं न्हाई ऱ्हायाचं."

पण तेवढ्यात मामांची नजर आमच्याकडं वळली. "आवं म्हाळबा! आला व्हय? आन् ह्यो कालिजवाला काय?"

आम्ही पूर्वेच्या कोरड्या भागातले. मेंढरं घेऊन वडील दर साली पश्चिमेला उतरायचे आणि सातारा जिल्ह्यातल्या मामांच्या रानात खतासाठी कळप बसवायचे. एवढीच ओळख. आई त्यांना भाऊ म्हणायची, म्हणून ते माझे मामा. वडिलांनी चाचरत विचारलं, पोराला ऱ्हायाला कुठं जागा मिळंल का. मामा म्हणाले, "एक खाट रिकामीच हाय. तिला तरी कुणीतरी पायजे."

त्या संध्याकाळी जेवणात भोपळ्याची भाजी होती. पुढं कळलं की गाडी नापास झाली की अख्ख्या शेडला भोपळ्याची भाजी खावी लागते. गडी म्हणायचे, "मामा, एकांदी गाडी पास करा की! पोट पिवळं पडलं आमचं."

शेडचे मालक शामराव मिस्त्री. मामा पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झालेले आणि आता त्यांच्याकडं ड्रायव्हर होते. तयार गाडी गिऱ्हाइकाच्या गावी पोचवणं हे त्यांचं काम. मार्क द्यायचं काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. गिऱ्हाईक यायच्या आधी शामराव ओलं फडकं घेऊन दारावरचा खडू पुसत फिरायचे.

"दौलतराव, सरकारी पासिंग झालंय ह्या गाडीचं. तुमी कोण नापास करणार?"

"सायेब दिवं बघतो, हारन वाजवतो. मी माणूस बसवून बघतो."

"माणूस? भोपळा बसवता तुमी!"

"मग या, तुमी बसा."

यावर शामराव फडकं पिळून पुढच्या दाराकडं वळायचे. मामांना काढून मात्र टाकायचे नाहीत, कारण इतक्या जपून गाडी पोचवणारा दुसरा माणूस जिल्ह्यात नव्हता. शिवाय एक गंमत होऊन बसली होती. भोपळ्याची बातमी बाजारात पसरली आणि गिऱ्हाइकं येऊन विचारू लागली, "हवालदारानं किती मार्क दिल्यात?" अठ्ठावीसची गाडी कुणी घेईना, बत्तीसच्या गाडीला दोघं भांडायचे. शंभरातले पस्तीस मात्र कुणालाच मिळाले नव्हते.

एकदा शामरावांनी युक्ती केली. मामा चहाला गेलेले बघून त्यांनी भोपळ्याच्या जागी फेट्याखाली नारळ ठेवला. गाडी आदळली, नारळ टणकन उडून खाली पडला, शाबूत. गिऱ्हाईक खूश. मामा परत आले, नारळ हातात घेऊन त्यांनी हलवून पाहिला, आतलं पाणी वाजवलं आणि गिऱ्हाइकाला नमस्कार करून म्हणाले, "पावणं, गाडी उत्तम हाय. हिच्यातनं फकस्त नारळांनी प्रवास करावा."

मामांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. आदळल्यावर गाडी शाबूत राहिली की लोक म्हणतात, काय मजबूत गाडी! पण गाडी दबली नाही तर तो हिसका जातो कुठं? आतल्या माणसाला. "गाडी मोडू दे की! पत्रा ठोकून सरळ हुतो. आतलं शाबूत हाय का, ते बगा."

'आतलं शाबूत हाय का' हे त्यांचं पालुपदच होतं. मी सायकलवरून पडलो, सायकलचं चाक वाकलं. मामांनी चाकाकडं न बघता तेच विचारलं. पहिल्या वर्षी मी इंग्रजीत नापास झालो आणि दोन दिवस तोंड लपवून बसलो. मामा भाकरी थापता थापता म्हणाले, "मार्कं दबल्यात. दबू देत. आतलं शाबूत हाय न्हवं? मग बस अभ्यासाला." माझ्या घरच्या कुणालाही नापास म्हणजे काय ते कळलं नसतं. मामांना चांगलंच कळत होतं.

मार्क द्यायला त्यांना पिकपच लागायची असं नाही. पाळणा, झोपाळा, बैलगाडीचं साटं, सगळ्यांची परीक्षा व्हायची. शेजारच्या लग्नात नवरदेवाची जीप मामांकडं चालवायला होती. वरात निघायच्या वेळी त्यांनी नवरदेवाला पुढच्या सीटवरून उठवलं. "बाशिंगाच्या काड्या हायत कपाळावर. बिरेक दाबला तर डोळ्यात जात्याल. मागं बसा." वराकडचे चिडले, वधूकडचे हसले, आणि नवरदेव मागं पोत्यांवर बसून मांडवात आला. तेव्हापासून त्यांना कुणी वरातीला बोलावलं नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या उशिरा लक्षात आली. मामा एकटे असले की कुठल्याही गाडीत बसायचे. अठ्ठावीस मार्कांची गाडीसुद्धा शिरवळपर्यंत शीळ घालत घेऊन जायचे. शेजारी कुणी बसायचं म्हटलं की मात्र त्यांचा चेहरा बदलायचा. इतक्या दिवसांत त्यांनी मला शेजारच्या सीटवर एकदाही बसू दिलं नव्हतं. "मागं हौद्यात बस. वारं लागतंय झकास."

मामांना एकच लेक. शालन. ती अगदी लहान असताना मामी वारल्या. कशानं, ते कुणी बोलत नसे. 'अपघात झाला' एवढंच शालनलाही ठाऊक. मामा तेव्हा पलटणीत होते, पोर आजीनं वाढवली. तिचं लग्न कोयनानगरला धरणाच्या कॉलनीत नोकरी करणाऱ्या एका फिटरशी झालं होतं. लोक म्हणायचे, भूकंपाच्या गावात लेक दिली! मामा म्हणायचे, "भूकंप कवातरी येतो. रस्ता रोज हाय." वर्षातून एकदा ते यष्टीनं जाऊन तिला बघून यायचे. दिवाळीला ती नवऱ्याबरोबर यायची आणि दोन दिवस आमच्या खोलीत माणसांच्या घरासारखा वास यायचा. मला ती दादा म्हणायची. मेंढरं राखणाऱ्याच्या पोराला त्या खोलीत कुणी वेगळं मानलं नाही, हेही इथं सांगून ठेवतो.

मी शेवटच्या वर्षाला होतो, तेव्हा कोयनानगरहून निरोप आला. शालनला सातवा लागलाय, डोहाळजेवण झालंय, न्यायला या.

पहिलं बाळंतपण माहेरी. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. खोलीशेजारच्या गोदाक्कांनी बाळंतिणीचा डिंक, खारीक, सगळं जमवायला घेतलं. मामा नुसते खुशीत होते. पण आणायचं कशातून? यष्टीत धक्के फार. आणि आपल्या गाडीतून आणायचं तर पास झालेली गाडी पाहिजे.

मामा शामरावांसमोर जाऊन उभे राहिले. "मालक, एक पिकप मला माझ्या मनासारखी बांधू द्या."

शामराव इतके दिवस खडू पुसून वैतागलेले. पण त्यांनी मामांच्या तोंडाकडं पाहिलं आणि कोपऱ्यातल्या सांगाड्याकडं बोट केलं. "ती घ्या. आन् लवकर आटपा. लेक काय तुमच्या परीक्षेसाठी थांबणार न्हाई."

मामांनी डॅशबोर्डची लोखंडी कड कापून काढली आणि तिथं काथ्या भरून चामडं मढवलं. दाराला दुसरी कडी बसवली. पलटणीतल्या सामानाचे जाड पट्टे होते, ते सीटला शिवले. भोपळा बसवला, गाडी ढकलली, भोपळा फुटला. मामांनी पट्टा बदलला. पुन्हा फुटला. कधी नुसती चीर जायची. गडी म्हणायचे, "एवढं चालतंय की!" मामा त्या चिरेत बोट घालून बघत राहायचे. सातवा महिना असाच गेला.

आठव्यात पोटुशी बाई हलवत नाहीत, ही आमच्याकडची रीत. कुठलीच सासू त्या महिन्यात सुनेला उंबऱ्याबाहेर पाठवत नाही. गोदाक्का कपाळाला हात लावून बसल्या. मामांना मात्र हायसं वाटलं. त्यांना वाटलं, आख्खा महिना हातात आला. नववा लागला की आणू.

मी म्हणालो, "मामा, यष्टीनं आणली असती तर?"

"यष्टीत बी फुडं दांडा असतोय," ते म्हणाले.

त्या महिन्यात त्यांनी सीटच उलटी फिरवली. बसणाऱ्याची पाठ गाडीच्या नाकाकडं, तोंड मागच्या रस्त्याकडं. शेडमध्ये हसून हसून लोक पडले. "मामा, लेक सासरकडं बघत माहेरला येणार व्हय?" मामांनी उलट्या सीटवर भोपळा ठेवला. गाडी ढकलली. ती पोत्यांवर अशी आदळली की दिवे फुटले, नाक आत गेलं. मामा आत डोकावले. बराच वेळ ते बाहेरच आले नाहीत. मग भोपळा दोन्ही हातांत धरून उतरले. त्याला एक ओरखडासुद्धा नव्हता. खडूनं त्यांनी दारावर लिहिलं : पास. आणि या वेळी शामरावांनी फडकं हातात घेतलं नाही.

नाक ठोकून सरळ केलं, दिवे बसवले. नववा लागताच आम्ही निघालो. गोदाक्का खण-नारळ घेऊन माझ्याबरोबर मागं हौद्यात. कराड गेलं, पाटण गेलं. पुढं वळणं सुरू झाली तशी गाडी इतकी हळू चालली की एका बैलगाडीवाल्यानं आम्हांला वाट मागितली.

कॉलनीत पोचलो तर क्वार्टरच्या दारात शालनचा नवरा उभा. तो म्हणाला, "आबा, काल झाली. मुलगी हाय. दोगी बऱ्या हायत."

गोदाक्कांनी हात जोडले. मामा हसले, मग हसू कुठं ठेवावं हे न कळल्यासारखे उभे राहिले. आतून सासूबाईंचा आवाज आला, "आलं का न्यायला? बसा म्हणावं. लेकीचं बाळंतपण आमीच केलं. तुमचं भोपळं फोडून झालं का?"

शालन खाटेवर होती. उशाशी कपड्यांचं गाठोडं बांधलेलं होतं. सातव्यापासून बांधून ठेवलं होतं, हे तिच्या नवऱ्यानंच नंतर मला सांगितलं. मामा दारातच थांबले.

"शाले, गाडी आणलीया," ते म्हणाले. "पास झाली. लय चांगली झाली. तुला धक्का सुदिक लागला नसता."

शालन भिंतीकडं बघत होती. आवाज चढवायचं तिच्यात त्राणही नव्हतं.

"आबा, अख्ख्या कॉलनीनं इचारलं मला, न्यायला कुणी आलं न्हाई का म्हणून. माझी आई असती तर चालत आली असती. चालत नेलं असतं तिनं मला."

मामांनी नातीच्या मुठीला बोट लावलं आणि बाहेर आले. सासूबाई म्हणाल्या, आता न्यायचं कारण उरलं नाही. गोदाक्का तेवढ्या बाळंतिणीला तेल लावायला चार दिवस राहिल्या.

परतताना मी सवयीनं मागं चढू लागलो. मामा म्हणाले, "फुडं बस."

मी त्या उलट्या सीटवर बसलो. मामांनी पट्टा माझ्या छातीवर बांधला, ओढून पाहिला. गाडी चालू झाली. मला मामांचा चेहरा दिसत नव्हता. मागं सरकत जाणारा रस्ता तेवढा दिसत होता. पाटण यायच्या आधी एका वळणावर त्यांनी गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला कठड्याचे दगड होते.

"हितं," ते म्हणाले.

मी मान वळवून त्या दगडांकडं पाहिलं.

"सुट्टीवर आलो हुतो. दोस्ताची जीप घेतली. म्हटलं, बायकोला जरा हिंडवून आणावं. लय हौस हुती तिला मोटारीची. म्हैस आडवी आली. मी बिरेक दाबला. जोरात न्हवती रं गाडी. ह्या दगडाला नुसती टेकली. दिवा सुदिक फुटला न्हाई. लोक जमलं, गाडीला हात लावून म्हणालं, काय बी झालं न्हाई. मी बी तसंच म्हणालो. मग शेजारी बघितलं."

गाडीचं इंजिन चालूच होतं.

"शाली मांडीवर हुती. हिनं दोनी हातांनी पोरीला पोटाशी धरली. हात टेकला असता तर वाचली असती. पर टेकायला हात मोकळा कुठं हुता? पोरीला ओरखडा बी न्हाई."

"मामा, शालनला हे..."

"न्हाई. आन् तू बी सांगायचं न्हाई. मला येडा म्हणू दे. बाप आला न्हाई म्हणू दे. आपल्यापाई आई गेली, हे पोरीच्या डोक्यात कशाला घालू?"

त्यांनी गाडी गिअरमध्ये टाकली.

त्या दिवसानंतर मामांनी कुठल्या गाडीला मार्क दिले नाहीत. भोपळे येईनासे झाले. गिऱ्हाइकं विचारायची तेव्हा शामराव म्हणायचे, "परीक्षा बंद हायत." ती उलट्या सीटची पिकप मात्र त्यांनी विकली नाही. आणि शालन त्या दिवाळीला आली नाही, पुढच्याही नाही. मामा वर्षाचं जाणं करत, पण बाहेर ओट्यावर बसून चहा घेऊन परत येत.

मी पदवीधर झालो, शिरवळला एका कारखान्याच्या ऑफिसात लागलो. पहिल्या पगाराचं धोतर मामांना नेऊन दिलं. ते नेसले, पण विचारलं एवढंच, "तिकडं रस्ता कसा हाय?"

परवा मी त्यांना एक पत्र पाठवलं. त्यात मी काही जास्त शहाणपण लिहिलं आहे असं नाही. ते असं :

ती. दौलतमामांस,
बिरूचा शि. सा. नमस्कार.

मी इकडे सुखरूप आहे. काल ऑफिसच्या कामासाठी कोयनानगरला जायचं होतं. कराडच्या स्टँडवर शालन भेटली. लेकीला दवाखान्यात दाखवून घरी निघाली होती. मुलगी बरी आहे, साधी सर्दी आहे. आम्ही एकाच गाडीत चढलो. बसायला जागा मिळाली ती अगदी पुढे, दांड्याच्या मागे.

वळणं लागली तशी गाडी हेलकावे खाऊ लागली. शालननं मुलीला दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. मला राहवलं नाही. मी म्हणालो, ताई, एका हातानं दांडा धर. ती हसली आणि म्हणाली, "दादा, दांडा धरला तर हिला कोण धरंल?" मी म्हणालो, धक्का बसला तर तुला लागेल. ती म्हणाली, "लागू दे की. त्यात काय एवढं?"

मामा, मी तिला काही सांगितलेलं नाही. तुमचा शब्द मोडणार नाही. त्या दगडाजवळून गाडी गेली तेव्हा ती मुलीचं नाक पुसत होती.

पण तुम्ही तिला आता सांगावं असं मला वाटतं. ती लहान होती तेव्हा नसतं कळलं. सासरी पहिल्यांदा गेली तेव्हाही नसतं कळलं. काल तिनं जे उत्तर दिलं ते विचार करून दिलेलं नव्हतं. मामींनीही त्या दिवशी विचार केला नसेल. आपल्यामुळे आई गेली असं शालनला वाटेल, ही तुमची भीती मी समजतो. तिला रडू येईल. पण जिनं स्वतः असे हात धरले आहेत तिला त्या हातांचा अर्थ तुम्हां-आम्हांपेक्षा जास्त कळेल.

उतरताना ती म्हणाली, मुलीचं जावळ राहिलंय, जावळाला मामाची मांडी लागते, आणि मला भाऊ नाही. मग म्हणाली, "तू येशील का दादा?" मी हो म्हणालो. जावळ माहेरी करायचं का सासरी, असं मी विचारलं. तिनं मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. शेवटी म्हणाली, "आबांना इचार."

म्हणून विचारतो आहे. येत्या रविवारी शालनकडं जायला मी कराडच्या स्टँडवर थांबतो. उत्तर लिहीत बसू नका. नुसते या.

तुमचा,
बिरू